जलदान विधीनंतरची कागदपत्रे : वारस नोंद, मृत्युपत्र आणि लेकीचा हिस्सा

घरात कुणी गेले की आपल्याकडे पुढचे काही दिवस माणसांची ये-जा असते. बौद्धाचार्य येतात, त्रिसरण-पंचशील होते, जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पार पडतो. पाहुणे आपापल्या गावी परततात. मग एक दिवस बँकेतून विचारणा होते किंवा गावाकडून फोन येतो, 'सातबाऱ्यावर नावं लावायची का नाही?' आणि घरात कुणालाच नक्की माहीत नसते की सुरुवात कुठून करायची.

माझ्या घरातलेच सांगते. आजोबा माझ्या जन्माआधी गेले. त्यांच्या नावावर पावणेदोन एकर वतनाची जमीन होती. तीस वर्षे सातबाऱ्यावर त्यांचेच नाव राहिले. कोरडवाहू तुकडा, उत्पन्न फार नाही, म्हणून कुणी लक्ष दिले नाही. पुढे रस्त्यासाठी भूसंपादनाची नोटीस आली, ती वारलेल्या माणसाच्या नावाने. मग धावपळ करून वारस लावले, पण वारसांच्या यादीत फक्त तीन भाऊ आले. दोन्ही आत्या राहिल्या. 'त्यांनी सोडलंय' असे कुणीतरी सांगितले आणि ते खरे धरले गेले. मोठ्या आत्याने फोनवर भावाला एवढेच विचारले, 'माझं नाव लिवायला शाई संपली व्हती का रं?' ती नोंद दुरुस्त करायला अपिलात दोन वर्षे गेली. मोबदला तोवर अडकून पडला आणि भावा-बहिणीतला अबोला त्याहून जास्त टिकला.

समाजकार्यात आल्यापासून वस्त्यांमध्ये हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपात पाहते आहे. म्हणून हा लेख. महाराष्ट्रातल्या बौद्ध कुटुंबाने माणूस गेल्यावर मालमत्तेबाबत काय करावे, कोणता कागद कुठे मिळतो, कोणाचा किती वाटा असतो, याची ही माहिती आहे. जपून ठेवा आणि गरज असेल त्या घरात वाचून दाखवा.

बौद्धांना कोणता कायदा लागतो?

तरुण कार्यकर्ते हा प्रश्न नेहमी विचारतात. वारसा हक्कासाठी बौद्धांना हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू होतो. या कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. स्वतंत्र बौद्ध वैयक्तिक कायद्याची मागणी वेगळी आणि तिच्यावर चर्चा व्हायलाच हवी. पण आज कार्यालयात आणि न्यायालयात चालतो तो हाच कायदा. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला वारसा हक्क देण्यासाठी झगडा दिला आणि ते बिल रखडल्यावर १९५१ साली मंत्रिपद सोडले. पुढे त्या बिलाचेच तुकडे होऊन जे कायदे आले, त्यांतला हा एक. मुलीचा वाटा नाकारणारा बौद्ध भाऊ नेमके काय नाकारतो आहे, हे त्याला माहीत असावे.

आणखी दोन शंका. पहिली : धम्मदीक्षा घेतली म्हणून हिंदू राहिलेल्या आई-वडिलांच्या मालमत्तेतला हक्क जातो का? जात नाही. या कायद्याच्या व्याख्येत दोघेही येतात. दुसरी : विशेष विवाह कायद्याने लग्न केले तर? नवरा-बायको दोघेही बौद्ध, हिंदू, शीख किंवा जैन असतील, तर वारसा हिंदू वारसा कायद्यानेच ठरतो. जोडीदार मुस्लिम, ख्रिश्चन किंवा पारशी असेल, तर भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो आणि वाट्याचे गणित बदलते. अशा जोडप्यांनी वकिलाला विचारूनच पुढे जावे.

वारस कोण आणि वाटा किती?

पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची मालमत्ता आधी 'वर्ग १' च्या वारसांना मिळते. त्यात मुख्यतः मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई येतात. आधीच वारलेल्या मुलाची बायको-मुले आणि वारलेल्या मुलीची मुले हीसुद्धा यात येतात. वडील वर्ग १ मध्ये नाहीत, आई आहे, हे लक्षात ठेवा. आजीचे नाव यादीतून सर्रास गळते.

उदाहरण घेऊ. एक माणूस गेला. मागे आई, पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आहे. तिसरा मुलगा आधीच वारला, त्याची बायको आणि एक मूल आहे. स्वकष्टार्जित मालमत्तेचे सहा वाटे होतील : आई एक, पत्नी एक, दोन मुलगे दोन, मुलगी एक आणि वारलेल्या मुलाच्या शाखेला एक. तो सहावा वाटा त्याची बायको आणि मूल यांच्यात निम्मा-निम्मा. मुलीचे लग्न झालेले असो, ती घटस्फोटित असो, लग्नात खर्च केलेला असो, वाट्यात फरक पडत नाही. विधवा सुनेने नंतर दुसरे लग्न केले, तरी तिला मिळालेला वाटा परत घेता येत नाही.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलीला हक्क दिला होता. पण त्या दुरुस्तीतून आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी जन्मानेच मुलासारखी सहदायाद झाली. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तिचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री उलटवता येत नाही.

स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर नियम वेगळा आहे. आधी मुले-मुली आणि नवरा. ते नसतील तर तिच्या कमाईची मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आई-वडिलांकडे नाही. माहेरून वारशाने आलेली मालमत्ता मात्र मूल नसल्यास वडिलांच्या वारसांकडे परतते. नोकरी करणाऱ्या आपल्या शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका यांनी हे वाचावे आणि मृत्युपत्र करावे. विधवा असाल, मूल नसेल, तर आयुष्यभराची बचत कधी न विचारलेल्या दिराकडे जाऊ शकते.

दुसऱ्या लग्नाचा प्रश्नही वस्तीत येतो. पहिली पत्नी हयात आणि घटस्फोट नाही, तर दुसरी पत्नी कायद्याने वारस होत नाही. पण तिची मुले वडिलांच्या मालमत्तेत वारस आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा सांगितले आहे. त्या मुलांना वारसांच्या यादीतून वगळणे बेकायदा आहे.

पहिल्या महिन्यात काय करावे?

एक, मृत्यूची नोंद. २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेत नोंद करा. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर ते कळवतात, पण नाव नीट लिहिले का ते आपण पाहायचे. वर्षभर नोंद झालीच नाही, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि चकरा वाढतात. दाखल्याच्या दहा तरी प्रती घ्या.

दोन, नाव जुळते का पाहा. आपल्या समाजात ही मोठी अडचण आहे. धर्मांतरानंतर अनेक घरांनी आडनाव बदलले. सातबाऱ्यावर आजोबा फक्त नाव आणि वडिलांच्या नावाने आहेत, शाळेच्या दाखल्यावर गावावरून पडलेले आडनाव आहे, आधारवर तिसरेच. आत्याचे माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे. 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे' असे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदल, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला, असे पुरावे आधीच गोळा करा.

तीन, यादी करा. जमीन, घर, बँक आणि पोस्टाची खाती, विमा, भविष्य निर्वाह निधी, पतसंस्था, सोसायटीचे शेअर, सोने. कर्जही लिहा. मृताचे कर्ज वारसाला मिळालेल्या मालमत्तेपुरतेच फेडावे लागते. वसुलीवाला दारात येऊन 'आता हप्ता मुलाने भरायचा' म्हणाला, म्हणून घाबरून स्वतःच्या नावावर कर्ज उचलू नका.

चार, कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या मजकुरावर सही-अंगठा नको. दुःखाच्या दिवसांत 'नुसती नावापुरती सही' मागितली जाते. कागद वाचून दाखवायला सांगा, फोटो काढून घ्या, आठवडाभर थांबा. वारसाची नोंद आठ दिवस उशिरा झाली तर काही बिघडत नाही.

सातबाऱ्यावर वारस नोंद

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारशाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. तलाठ्याचे पदनाम आता 'ग्राम महसूल अधिकारी' आहे. अर्ज प्रत्यक्ष देता येतो, 'ई-हक्क' प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व गटांचे सातबारे आणि आठ-अ, वारसांचे ओळखपत्र आणि सर्व वारसांची नावे-पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र लागते.

पुढे वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये नोंद होते, चौकशी होते, फेरफार लिहिला जातो. सर्व हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकतीला पंधरा दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

इथे सगळ्यात जास्त घोळ प्रतिज्ञापत्रात होतो. बहिणींची, आजीची, वारलेल्या भावाच्या बायकोची नावे वगळून ते केले जाते. हे खोटे प्रतिज्ञापत्र आहे आणि त्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते. बाहेरगावी दिलेल्या लेकींनी स्वतः ऑनलाइन सातबारा आणि फेरफाराची स्थिती तपासत राहावे. आपल्यापर्यंत नोटीस पोचेलच असे धरून बसू नये.

आणि हेही समजून घ्या : सातबारा महसुलाची नोंद आहे, मालकी ठरवणारा निकाल नाही. नाव लागले नाही म्हणून हक्क संपत नाही. नाव लागले म्हणून इतरांचा हक्क त्याला मिळत नाही. पण पीककर्ज, पीकविमा, अनुदान, संपादनाचा मोबदला हे सगळे आधी नोंद पाहून चालते. म्हणून नोंद हवीच. वारलेल्या खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी शासनाने २०२५ साली 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर राबवली. तरीही ज्यांची नावे राहिली, त्यांना नेहमीच्या अर्जाचा मार्ग खुला आहे.

वतनाची जमीन

महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. कनिष्ठ गावकामगार वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. जमिनी पुन्हा वतनदारांना दिल्या गेल्या, पण नव्या अटीवर. म्हणून सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' आणि इतर हक्कात वतनाचा शेरा दिसतो. ही जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

गैरसमज असा की वारस लावायलाही परवानगी लागते. लागत नाही. वारसा म्हणजे हस्तांतरण नव्हे. अर्ज नाकारला जात असेल तर नकार लेखी मागा.

वतन जमिनीची खरी अडचण म्हणजे तीन-चार पिढ्यांत न लागलेले वारस. पणजोबाच्या नावाखाली आज चाळीस-पन्नास वारस असतात, काही मुंबईत, काही पुण्यात. अशा वेळी पिढीवार वंशावळ तयार करावी लागते आणि प्रत्येक मृत्यूचा पुरावा द्यावा लागतो. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. अनेक तालुक्यांचे 'आपले अभिलेख' संकेतस्थळावरही आहेत. वंशावळ काढायला म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. आजी सांगते तेवढे आज लिहून घेतले नाही, तर उद्या विचारायला कुणी उरत नाही. शहराजवळच्या वतन जमिनींवर दलालांची नजर असते आणि त्यांना सगळ्यात आधी विसरलेले वारस सापडतात. एखाद्या चुलतभावाकडून कुलमुखत्यारपत्र घेऊन सगळ्यांची जमीन गिळण्याचे प्रकार त्यातूनच होतात.

घर : गावठाण, फ्लॅट, भाड्याची खोली

गावातले घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर असते. ही कर आकारणीची नोंद आहे, पूर्ण मालकीचा पुरावा नाही, तरी वारसाचे नाव तिथेही लावून घ्या. जिथे भूमापन झाले आहे तिथे मालमत्ता पत्रकावर भूमि अभिलेख किंवा नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करावी लागते.

गृहनिर्माण सोसायटीत नॉमिनी असेल तर सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करून घेते. पण तो विश्वस्तासारखा आहे. फ्लॅटची मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरते. कायम सभासदत्वासाठी वारस दाखला, वारसांमधील नोंदणीकृत कौटुंबिक व्यवस्थापत्र किंवा मृत्युपत्र अशी कागदपत्रे मागितली जातात.

पागडीच्या किंवा जुन्या भाड्याच्या खोलीला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. तिथे मृत्यूच्या वेळी भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क पुढे मिळतो. एकत्र राहणारे कुणी नसेल तर वारसांनी आपसांत ठरवायचे, नाहीतर न्यायालय ठरवते. त्यामुळे सोबत राहत असल्याचे पुरावे (रेशनकार्ड, वीजबिल, मतदार यादी) जपावेत. झोपडीच्या बाबतीतही पुनर्वसनाची यादी निघायच्या आत मृताच्या जागी वारसाचे नाव लावण्याचा अर्ज संबंधित प्राधिकरणाकडे करून पोच घ्या.

बँक, विमा आणि नॉमिनी

'नॉमिनी मी आहे म्हणजे पैसे माझे', हे वाक्य घराघरात भांडण लावते. नॉमिनीला बँक पैसे देते, कारण बँकेला कुणाला तरी देऊन मोकळे व्हायचे असते. ते पैसे वारसांमध्ये वाटून देण्याची जबाबदारी नॉमिनीवर राहते. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. विमा कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी मानण्याची तरतूद आली आहे. तिथे वाद असेल तर सल्ला घ्या. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र वारसा हक्कात येत नाही. ते सेवानियमांप्रमाणे पात्र व्यक्तीलाच मिळते आणि मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही.

नॉमिनी नसेल तरी लगेच न्यायालयात जाण्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार वाद नसेल आणि मृत्युपत्र नसेल, तर बँकांनी १५ लाख रुपयांपर्यंत आणि सहकारी बँकांनी ५ लाखांपर्यंतची रक्कम साध्या प्रक्रियेने द्यायची आहे. कागद पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत दावा निकाली निघायला हवा. दहा वर्षे पडून राहिलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचे 'उद्गम' पोर्टल आहे. मृताच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नका. इतर वारसांनी तक्रार केली तर ते अंगाशी येते.

वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र, प्रोबेट

ही तीन नावे सारखी वाटतात, कामे वेगळी आहेत.

वारस दाखला : मुंबई रेग्युलेशन ८, १८२७ खाली दिवाणी न्यायालय देते. अमुक व्यक्ती मृताचे वारस आहेत, एवढे तो सांगतो. जमीन, घर, सोसायटी यांसाठी उपयोगी. तहसील किंवा ग्रामपंचायतीचा वारसाबाबतचा दाखला ठराविक सरकारी कामापुरता असतो. वाद झाला तर तो पुरत नाही.

उत्तराधिकार प्रमाणपत्र : बँकेतली रक्कम, शेअर, येणे असलेले पैसे यांसाठी. भारतीय वारसा कायद्याखाली मृत व्यक्ती जिथे राहत होती तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा. जमीन-घरासाठी हे चालत नाही.

प्रोबेट : मृत्युपत्र खरे आणि शेवटचे आहे असा न्यायालयाचा शिक्का. मृत्युपत्रात ज्याला अंमलबजावणी करणारा, म्हणजे व्यवस्थापक नेमले आहे, तोच प्रोबेट मागू शकतो. व्यवस्थापक नेमलेला नसेल तर 'लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन' मागावे लागते. मुंबईत हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्या मृत्युपत्रांना प्रोबेट सक्तीचे होते. राज्याच्या इतर भागात तशी सक्ती नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय वारसा कायद्यातले ते कलम २१३ काढून टाकले आणि सक्ती संपली. त्यामुळे 'प्रोबेटशिवाय काहीच होत नाही' असे सांगून कुणी मोठी फी मागत असेल तर दुसऱ्याला विचारा. मात्र मृत्युपत्रावर वाद असेल, ते बनावट असल्याचा आरोप असेल, तर प्रोबेट घेणे आजही शहाणपणाचे आहे.

हक्कसोडपत्र : सही करण्याआधी

एखाद्या वारसाला आपला वाटा दुसऱ्या सहवारसाला सोडायचा असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागते. तोंडी सोडले, तलाठ्यापुढे जबाब दिला किंवा स्टँप पेपरवर नोटरी केली म्हणून स्थावर मालमत्तेतला हक्क जात नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत भाऊ-बहीण, आई-वडील, मुले, जोडीदार यांच्यातल्या हक्कसोडपत्राला ५०० रुपये मुद्रांक शुल्क लागते. शिवाय नोंदणीचा खर्च.

हक्क सोडणे हा तिचा अधिकार आहे, पण तो खरोखर तिचा निर्णय असावा. 'माहेर तुटेल' ही भीती दाखवून घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. मी बहिणींना एवढेच सांगते : आधी सातबाऱ्यावर आपले नाव लागू द्या. नंतर सोडायचे का, विकायचे का, भावाला कसायला द्यायचे का, ते ठरवा. नाव असताना भावाला दिलेले दान असते. नाव नसताना ते दान राहत नाही, नुसते वगळणे होते. भावांनाही सांगते, साडी-चोळी आणि भाऊबीज हा वाट्याचा मोबदला नाही.

वारसांत अल्पवयीन मूल असेल तर त्याच्या नावावर आलेली स्थावर मालमत्ता विकायला आईलाही न्यायालयाची परवानगी लागते. परवानगीशिवाय झालेली विक्री ते मूल मोठे झाल्यावर रद्द करून घेऊ शकते.

मृत्युपत्र लिहा, जिवंतपणी

मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिले तरी चालते. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. लिहिणाऱ्याची सही आणि ती सही पाहिलेल्या किंवा त्याने सही केल्याचे कबूल केलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार शक्यतो वयाने लहान, आणि ज्यांना काही मिळणार नाही असे असावेत. डॉक्टरांचे तब्येतीबद्दलचे प्रमाणपत्र जोडावे. आपल्या मालकीचे किंवा वाट्याचे तेवढेच मृत्युपत्राने देता येते. वडिलांनी सगळी एकत्र कुटुंबाची जमीन एका मुलाला लिहून दिली, तर मुलीचा जन्मसिद्ध वाटा त्यात जात नाही.

लग्नाची नोंदही अशीच जिवंतपणी करायची गोष्ट आहे. बौद्ध पद्धतीने विहारात झालेले लग्न नोंदवले नाही म्हणून विधवेला 'पत्नी असल्याचा पुरावा द्या' असे ऐकावे लागते. विवाह निबंधकाकडे नोंद करून दाखला घेऊन ठेवा.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, महिला आणि बालक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना हा हक्क आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला समिती असते. मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे. दिवाणी दाव्याआधी तिथे मध्यस्थीही करून घेता येते. भावा-बहिणीच्या भांडणात तो मार्ग आधी वापरावा.

विहारात एक कपाट

शेवटी कार्यकर्त्यांसाठी. जलदान विधीला सगळे वारस एका छताखाली असतात, तेवढे नंतर क्वचितच जमतात. त्या दिवशी वाटणीचे बोलू नये, हे बरोबर. पण वंशावळ लिहून घेणे, कोण कुठे राहते ते टिपणे, मृत्यूच्या नोंदीचे काम एकाकडे सोपवणे, एवढे करता येते. विहारात एका कपाटात वारस नोंदीचे कोरे अर्ज, प्रतिज्ञापत्राचा नमुना, विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता आणि महिन्यातून एका रविवारी बसणारा एखादा वकील किंवा कायद्याचा विद्यार्थी, एवढी सोय झाली तर कितीतरी घरे वाचतील.

माझ्या मोठ्या आत्याचे नाव शेवटी सातबाऱ्यावर लागले. तिने तो कागद घडी करून बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवला. मोबदल्याचा तिचा हिस्सा आला, तेव्हा त्यातले काही तिने धाकट्या भावाच्या मुलीच्या शिक्षणाला दिले. तो भाऊ त्यानंतर तिच्याशी बोलू लागला. नाव आधी लागले असते, तर मधली वर्षे वाया गेली नसती.

जय भीम.